बेटावरच्या सुट्टीत करायचं काय? अंदमानला निघालेल्या पुणेकरांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीची तिकिटं बघायला लोक बसले की हे प्रश्न हमखास येतात. कोणी सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारतं, कोणी सकाळी तळजाईवर फिरताना. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत. इथे बेट म्हणजे मुख्यतः स्वराज द्वीप, ज्याला अजून सगळे हॅवलॉकच म्हणतात, आणि त्याच्या शेजारचं शहीद द्वीप, म्हणजे नील. ही नावं डिसेंबर २०१८ मध्ये बदलली. पोर्ट ब्लेअरचंही २०२४ पासून श्री विजयपुरम झालं आहे. कागदोपत्री नवं नाव आणि बोलण्यात जुनं असा प्रकार असतो, तेव्हा दोन्ही लक्षात ठेवा.

चार दिवस नुसतं बीचवर करायचं काय? कंटाळा नाही येणार?

पुण्याचं वेळापत्रक बरोबर नेलंत तर नक्की येईल. अंदमान पुण्याच्या जवळजवळ एकोणीस अंश पूर्वेला आहे, पण घड्याळ दोघांचं एकच. त्यामुळे तिथला सूर्य सव्वा तास आधी कामाला लागतो. डिसेंबरात पुण्यात सात वाजता उजाडतं. तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य वर आलेला असतो आणि संध्याकाळी पाचला मावळतो. आता नऊला नाश्ता, अकरापर्यंत आवराआवर, दोनला जेवण, मग जराशी डुलकी आणि पाच वाजता ‘चला, आता समुद्रावर जाऊ’ असा बेत असेल, तर समुद्रावर पोचेपर्यंत मिट्ट काळोख. अशा मंडळींना बेट कंटाळवाणं वाटलं तर बेटाचा दोष नाही.

पाचला उठा. सहा ते दहा हा दिवसाचा खरा भाग. पोहणं, स्नॉर्केलिंग, स्कूबा, कयाक, जे काही पाण्यातलं असेल ते याच वेळात उरका, कारण सकाळी वारा बहुधा पडलेला असतो आणि पाणी शांत असतं. दहानंतर ऊन चढतं. दुपारी विश्रांती, ती कशी घ्यायची हे पुणेकरांना शिकवायला नको. फक्त एक ते चार नाही, एक ते तीन. साडेतीनला सूर्यास्तासाठी निघायचं असतं. सातला जेवण, नऊला झोप. दुसऱ्या दिवसापासून अंगवळणी पडतं.

ठीक आहे, पण नेमकं काय काय करता येतं?

पाण्याखाली: स्नॉर्केलिंग, स्कूबा, सी-वॉक. पाण्यावर: कयाक, जेट स्की, बनाना बोट, काचेच्या तळाची बोट. किनाऱ्यावर: ओहोटीतली भटकंती, स्कूटरवरून बेट पालथं घालणं, सूर्योदयाला काळापत्थर, सूर्यास्ताला राधानगर. जंगलातून एलिफंट बीचपर्यंतची पायवाट आहे. आणि काहीच न करणं, जे पैसे भरून आलेल्या माणसाला सगळ्यात जड जातं.

सगळं करायचा हट्ट धरू नका. दिवसाला एक मोठी गोष्ट पुरे. बाकीचा दिवस समुद्र ठरवतो.

हॅवलॉकला रिसॉर्ट कुठल्या किनाऱ्यावर घ्यावं?

या प्रश्नावर निम्मी सुट्टी अवलंबून आहे आणि हाच प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो. लोक विचारतात स्विमिंग पूल आहे का, ब्रेकफास्ट धरून आहे का.

बरीचशी रिसॉर्ट पूर्व किनाऱ्यावर आहेत, गोविंदनगर आणि विजयनगरच्या पट्ट्यात, म्हणजे तीन आणि पाच नंबरच्या बीचवर. वेबसाइटवरच्या फोटोत हिरवंनिळं पाणी थेट समुद्री महुआच्या मुळांपर्यंत आलेलं दिसतं. फोटो खोटा नसतो, पण तो भरतीचा असतो. ओहोटीला तेच पाणी बरंच आत जातं आणि मागे खडक, मेलेल्या प्रवाळाचे तुकडे आणि घोटाभर पाण्याची डबकी उरतात. पोहायचा पोशाख घालून सकाळी नऊला खाली उतरलेला माणूस समुद्राकडे बघत उभा राहतो आणि रिसेप्शनवर जाऊन भांडतो. रिसेप्शनवाला बिचारा काय करणार?

पोहण्यासाठी बेटाची पश्चिम बाजू, म्हणजे सात नंबरचा राधानगर बीच. रुंद, पांढऱ्या वाळूचा, पोहायच्या भागात खडक नाहीत. ‘टाइम’ मासिकाने २००४ मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवलं होतं आणि २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळाला. जीवरक्षक असतात, कपडे बदलायची सोय आहे. तिथे राहण्याच्या जागा मात्र थोड्या आणि महाग. माझा सल्ला: पूर्वेला राहा, सूर्योदय अंगणातून बघा आणि पोहायला राधानगरला जा. जेट्टीपासून ते दहा-बारा किलोमीटरवर आहे. स्कूटर भाड्याने मिळते. लायसन्स बरोबर ठेवा, हेल्मेट घाला. पुण्यातली हेल्मेटबद्दलची मतं पुण्यातच राहू द्या.

मग ओहोटीच्या वेळी पूर्व किनाऱ्यावर काय करायचं?

चालायचं. माझ्या मते बेटावरची ही सगळ्यात चांगली आणि फुकटातली करमणूक आहे, पण कुठल्याच पॅकेजमध्ये ती छापलेली नसते.

स्लिपर नको, पाय पूर्ण झाकणारे पाण्यातले बूट घाला. खडकांत स्टोनफिश असू शकतो, तो दगडापासून वेगळा ओळखू येत नाही आणि त्याचे काटे विषारी असतात. एखादं स्वच्छ पाण्याचं डबकं निवडा आणि आपली सावली पाण्यावर पडणार नाही असे दोन मिनिटं थांबा. आधी काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो. आत खेकडा राहायला आलेला असतो. खडकाच्या फटीतून बोटाएवढा मासा डोकं काढतो आणि पुन्हा आत जातो. जाड काळी सागरकाकडी वाळू तोंडाने घेत आणि मागून स्वच्छ करून टाकत पडलेली असते. कोरड्या वाळूत मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसली तर जवळ बसा: बारीक खेकडे वाळूतलं अन्न खाऊन उरलेल्या वाळूच्या गोळ्या करून ठेवतात. पुढच्या भरतीला सगळं पुसलं जातं आणि ते पुन्हा सुरुवात करतात. मुलं इथे तास-दोन तास सहज रमतात. काही उचलू नका आणि जिवंत प्रवाळावर पाय देऊ नका, एवढं त्यांना आधी सांगून ठेवा.

भरती-ओहोटीच्या वेळा आधी कळतात का?

कळतात, आणि बुकिंग करण्याआधीच बघाव्यात. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या; रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप वर येतं आणि तेवढंच खूप आतही जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय उघडून तिथी बघितलीत तरी अर्धा अंदाज येतो.

कोकणातले नातेवाईक ‘तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ’ असा हिशोब सांगतील. तो कोकण किनाऱ्यासाठी बरोबर आहे, अंदमानला तसाच लावू नका. प्रत्येक किनाऱ्याच्या वेळा वेगळ्या असतात. मोबाइलवर भरती-ओहोटीची कोष्टकं मिळतात, त्यात पोर्ट ब्लेअर निवडा.

आम्हाला पोहता येत नाही. मग पैसे वाया?

अजिबात नाही. स्नॉर्केलिंगला लाइफ जॅकेट आणि रिंग असते, बरोबरचा माणूस रिंग ओढत नेतो. पहिल्या स्कूबालाही पोहता येण्याची अट बहुतेक ठिकाणी घालत नाहीत, कारण प्रशिक्षक पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो. पण पाण्यात तोंड घालायचीच भीती असेल, तर ती तिथे पैसे भरून घालवण्यापेक्षा पुण्यातच घालवा. निघायच्या आधी दोन-तीन आठवडे टिळक तलाव असो की सोसायटीचा टँक, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून चेहरा बुडवायचा आणि तोंडाने बुडबुडे सोडायचे, एवढाच सराव करा. नाक बंद असताना तोंडाने संथ श्वास घेणं जमलं की निम्मं काम झालं.

स्नॉर्केलिंग, स्कूबा आणि सी-वॉक यांत निवडायचं कसं?

स्नॉर्केलिंगमध्ये तुम्ही पाण्यावर तरंगता आणि नळीतून श्वास घेत खाली बघता. स्वस्त, सोपं, हवा तेवढा वेळ. सी-वॉकमध्ये डोक्यावर मोठं हेल्मेट, त्यात वरून पाइपने हवा, आणि शिडीने उतरून समुद्राच्या तळावर चालायचं. डोकं कोरडं राहतं, चष्मासुद्धा चालतो. ज्यांना पाण्याखाली जायचंच आहे पण नाका-तोंडाशी पाणी नको, त्यांच्यासाठी ठीक. मला तो प्रकार फारसा आवडत नाही: ठरलेल्या एका तुकड्यावर रोज माणसं चालवतात, तिथे प्रवाळ उरणार कसं?

स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणं. एकच काहीतरी करायचं असेल आणि तब्येत ठणठणीत असेल, तर स्कूबा करा.

स्कूबाची भीती वाटते. पाण्याखाली नेमकं काय होतं?

आधी एक आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. तो खरा भरा. मग वेटसूट, वजनाचा पट्टा, पाठीवर टाकी. जमिनीवर हे सगळं भयंकर जड वाटतं, पाण्यात गेल्यावर जाणवत नाही. उथळ पाण्यात दहा-पंधरा मिनिटं सराव: तोंडाने श्वास, मास्कमध्ये पाणी शिरलं तर नाकाने फुंकर मारून बाहेर काढणं, आणि खुणा. यातली एक खूण आपला घात करते. वर केलेला अंगठा म्हणजे ‘मस्त’ नव्हे. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर न्या’. सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं. फोटोसाठी उत्साहाने अंगठा दाखवणाऱ्यांना प्रशिक्षक निमूटपणे वर आणतात.

दुसरी गोष्ट कानांची. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि कानात दडे बसतात, लोहगावला विमान उतरताना बसतात तसेच, पण जोरात. उपाय तोच: नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं. दुखायला लागल्यावर नाही, त्याच्या आधीपासून, दर मीटरला. दुखलं तर थांबा आणि खूण करा. थोडं वर आलं की उतरतं. सर्दी असेल तर त्या दिवशी जाऊच नका.

तिसरी गोष्ट मिशांची. मास्कची रबरी कड वरच्या ओठावर चिकटून बसावी लागते. भरघोस मिशांतून पाणी हळूहळू आत झिरपतं. मिशी भादरायची तयारी नसेल तर वरची कड थोडी कमी करा आणि व्हॅसलीन लावा. चष्मेवाल्यांसाठी नंबरचे मास्क काही ठिकाणी मिळतात, बुकिंग करताना विचारा.

पहिल्या वेळी बारा मीटरपेक्षा खोल नेत नाहीत. प्रत्यक्षात त्याहून कमीच. खाली गेल्यावर पहिली दोन मिनिटं स्वतःचा श्वास मोठ्याने ऐकू येतो आणि ‘हे आपण काय करतोय’ असं वाटतं. मग एखादा मासा बिनधास्त समोरून जातो आणि तो विचार विसरायला होतो.

कोणी स्कूबा करू नये?

दहा वर्षांखालच्या मुलांनी, गरोदर बाईने, हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा विकार असलेल्यांनी, नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी. दमा, बीपी, फिट येणं, कानाचा जुना त्रास असेल तर पुण्यातच डॉक्टरांना विचारा आणि लेखी घ्या. आयत्या वेळी किनाऱ्यावर ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्या दादावर विसंबू नका.

परत यायच्या दिवशी सकाळी स्कूबा करून दुपारचं विमान पकडलं तर?

नाही. स्कूबात रक्तात आणि ऊतींमध्ये जास्तीचा नायट्रोजन विरघळतो, तो बाहेर पडायला वेळ लागतो. विमानात हवेचा दाब कमी असतो, तिथे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एका डाइव्हनंतर किमान बारा तास, एकापेक्षा जास्त केले असतील तर अठरा तास थांबावं. पूर्ण दिवस सोडला तर उत्तम. म्हणून स्कूबा सहलीच्या सुरुवातीला ठेवा. हवामानाने एक दिवस खाल्ला तरी मागे दिवस शिल्लक राहतो, हा वर फायदा.

प्रवाळ फोटोसारखं रंगीत दिसतं का?

काही ठिकाणी हो, सगळीकडे नाही. २०१० आणि २०१६ मध्ये समुद्राचं पाणी जास्त तापल्यामुळे अंदमानातलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं. काही सावरलं, काही मेलं. शिवाय खोल गेलं की लाल रंग पाण्यात शोषला जातो, त्यामुळे सगळं निळसर दिसतं. फोटोतले रंग दिव्याने किंवा नंतर दुरुस्तीने आलेले असतात. मासे मात्र भरपूर. सनस्क्रीनमधली काही रसायनं प्रवाळाला अपायकारक असतात, म्हणून अंगभर लेप लावण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहायचा टी-शर्ट बरा. पाठ भाजायचीही वाचते.

एलिफंट बीचवर हत्ती असतात?

आता नाहीत. पूर्वी लाकूडतोडीसाठी हत्ती आणले होते. त्यांतला समुद्रात पोहणारा राजन २०१६ मध्ये गेला. आता तिथे असते ती गर्दी, कारण जेट स्की आणि बनाना बोट सगळं तिथेच. बोटीने जेट्टीवरून जाता येतं, किंवा राधानगरच्या रस्त्यावरून जंगलातली पायवाट आहे. शेवटचा भाग चिखलाचा. सकाळच्या पहिल्या बोटींनी गेलात तर स्नॉर्केलिंग नीट होतं.

मगरी असतात असं ऐकलंय. खरं का?

खरं आहे. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत, मुख्यतः खाड्यांत आणि तिवरांच्या जंगलात. २०१० मध्ये राधानगरजवळ एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. त्यामुळे पाटी लावलेल्या ठिकाणी उतरू नका, खाडीच्या मुखाशी पोहू नका, अंधार पडल्यावर पाण्यात जाऊ नका आणि जीवरक्षकाची शिट्टी वाजली की वाद न घालता बाहेर या. एवढं पाळलं तर काळजीचं कारण नाही. रोजचा खरा त्रास मगरींचा नाही, वाळूतल्या बारीक माश्यांचा. ओल्या वाळूवर नुसते पसरू नका आणि चावल्यावर खाजवू नका, चिघळतं.

रात्री चमकणारं पाणी कधी दिसतं?

पाण्यातले सूक्ष्म जीव पाणी हललं की निळसर उजेड सोडतात. तो बघायला अंधार लागतो, म्हणून अमावस्येच्या आगेमागे चार-पाच रात्री. हॅवलॉकला तिवरांच्या खाडीतून रात्री कयाकने नेतात. वल्हं पाण्यात घातलं की कडेने उजेडाची रेघ उठते, हात बुडवला की बोटांभोवती ठिणग्या. इंटरनेटवरच्या फोटोंएवढं झगझगीत नसतं; मोबाइलमध्ये बहुधा काहीच येत नाही. मोबाइल खोलीवर ठेवून जा, नाहीतर सगळा वेळ फोटो काढण्याच्या खटपटीत जातो. पौर्णिमेला जाणार असाल तर याचे पैसे भरू नका.

आई-बाबा बरोबर आहेत. आईचे गुडघे दुखतात, बाबा पाण्यात उतरणार नाहीत.

नीलवर भरतपूर बीचला काचेच्या तळाची बोट आहे, ती त्यांच्यासाठीच. बोटीत चढताना मात्र पाण्यातून दोन पावलं जावं लागतं, हात द्यायला कोणीतरी बरोबर हवं. राधानगरला संध्याकाळी झाडाखाली बसणं दोघांना आवडेल. एलिफंट बीच त्यांच्यासाठी टाळा. रिसॉर्टमध्ये खोली तळमजल्याची आहे ना आणि तिथपर्यंत वाळूतून बॅगा ओढत जावं लागत नाही ना, हे फोनवर विचारून घ्या.

नीलला एका दिवसात जाऊन येता येतं का?

येतं, पण मग जाऊच नका. नील लहान, सपाट, शेतीचं बेट. अंदमानची भाजी तिथे पिकते. सायकलवर सगळं फिरून होतं. सीतापूरला सूर्योदय, लक्ष्मणपूरला सूर्यास्त, आणि लक्ष्मणपूर दोन नंबरला खडकाची नैसर्गिक कमान, जी नीट बघायची तर ओहोटीच लागते. एका दिवसाच्या सहलीत बोट जेव्हा पोचवेल तेव्हा पोचायचं. नेमकी भरती असली तर कमानीपर्यंत जाता येत नाही. एक रात्र राहिलं की तिन्ही गोष्टी आपल्या वेळेला होतात.

पोर्ट ब्लेअरला किती वेळ ठेवावा? सेल्युलर जेल मुलांना झेपेल?

दीड दिवस. जेल मुलांना दाखवाच, दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना तर नक्की. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकर १९११ ते १९२१ इथे होते, थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात. त्यांच्या कोठडीशी मराठी माणसांची रांग असते आणि प्रत्येक जण दुसऱ्याला हळू बोलायला सांगत असतो. कोठडीत एक मिनिट एकट्याने उभं राहा, मग तेलाचा घाणा बघा. गाइड चांगला असेल तर फक्त एका नावावर थांबत नाही. बंगाल, पंजाबातल्या कैद्यांबद्दलही सांगतो, तेही ऐका. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटं आधी काढा.

उरलेल्या वेळात रॉस, म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. इंग्रजांचं जुनं ठाणं, आता भिंतींना झाडांच्या मुळांनी वेढलंय. आणि जुनी लाल विसाची नोट घरात असेल तर घेऊन जा: तिच्या मागचं दृश्य माउंट हॅरिएटवरून दिसतं, ज्याचं नाव आता माउंट मणिपूर आहे.

बाराटांगच्या गुहा बघाव्यात का?

मी तरी सुचवत नाही. मध्यरात्रीनंतर उठून निघायचं, ताफ्यातून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जायचं, वाटेत थांबायला आणि फोटोला बंदी. बंदी योग्यच आहे. पण गाड्यांमधले बरेच डोळे गुहांपेक्षा ‘ते लोक दिसतात का’ याकडे असतात, आणि त्या गर्दीत आपण असू नये असं मला वाटतं.

जावं कधी?

डिसेंबर ते एप्रिल. दिवाळी लवकर आली तर पाऊस गाठू शकतो, कारण तिथे परतीचा पाऊसही पडतो. नाताळात गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले. फेब्रुवारी-मार्च उत्तम, पण तेव्हा परीक्षा. मेमध्ये जायचंच असेल तर पहिल्या आठवड्यात जा. ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी आपण दरवर्षी वीस मेच्या आसपास पुण्याच्या उकाड्यात आनंदाने वाचतो, तेव्हा तिथल्या पर्यटकांच्या बोटी रद्द होत असतात.

एवढ्या लांब कशाला? तारकर्लीला काय वाईट आहे?

काहीच नाही. पोहायला, मासे खायला, सिंधुदुर्ग किल्ला बघायला मालवण-तारकर्ली झकास, आणि पर्यटन महामंडळाचं स्कूबा केंद्रही तारकर्लीत आहे. पाण्यात मात्र गाळ जास्त, त्यामुळे दिसतं कमी. खर्चाचा विचार असेल तर पहिली डुबकी तिथे मारा. आवडली तर पुढच्या वर्षी अंदमान.

शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना हॅवलॉकवर वसवलं, त्यामुळे साध्या खानावळीत डाळ-भात-भाजीला बंगाली वळण असतं आणि मासे खाणाऱ्यांची चैन. भाकरवडी न्या, पण चार दिवस त्यावर काढायची गरज नाही.

मोबाइल आणि यूपीआय चालतं?

चेन्नईहून समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून नेटवर्क बरंच सुधारलं. तरी पाऊस-वाऱ्यात जातं. दोन दिवस पुरेल एवढी रोकड जवळ ठेवा.

शंख-शिंपले, प्रवाळाचा एखादा तुकडा आणला तर चालेल?

नाही. किनाऱ्यावर पडलेला, मेलेला, अगदी नखाएवढा असला तरी नाही. प्रवाळ आणि अनेक जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात आणि विमानतळावर बॅगा तपासतात. विकत घ्यायचं असेल तर परवाना असलेल्या दुकानातून घ्या आणि पावती हातातल्या बॅगेत ठेवा. मुलांचे खिसे निघायच्या आदल्या रात्री तपासा.

बोट लागते. काय करावं?

पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी बोटीने साधारण दीड तास, सरकारी बोटीने अडीच. उपाशी बसू नका, पण मिसळ खाऊनही बसू नका. खालच्या मजल्यावर मधली जागा घ्या, मोबाइलमध्ये डोकं घालू नका. वरंधा घाटात जी गोळी घेता तीच डॉक्टरांना विचारून अर्धा तास आधी.

बोट रद्द झाली आणि विमान चुकलं तर?

हवामान बिघडलं की बंदर खातं बोटी थांबवतं आणि तिथे कोणाची ओळख चालत नाही. म्हणून एकच नियम मोडू नका: पुण्याला परतायच्या विमानाची आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढायची. सकाळी हॅवलॉकहून बोट आणि दुपारी विमान असा बेत कोणी पॅकेजमध्ये बसवून दिला तर तो बदलून घ्या. बदलून देत नसेल तर पॅकेज बदला.